उपासाच्या दिवशीचं बिरडं

आमच्यात एक सण असा आहे की त्या दिवशी कोणी कोणाला 'कसे आहात' म्हणून विचारत नाही. विचारायचं नाही, हसायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, पायात चामडं घालायचं नाही. यरुशलेमचं देऊळ जळालं, एकदा नाही तर दोनदा, त्याचं हे सुतक. दोन हजार वर्षं होऊन गेली तरी आम्ही ते पाळतो. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि मग उपास सोडायचा तो केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढून. म्हणून आमच्या कोकणातल्या वाडवडिलांनी त्याला नाव दिलं बिरड्याचा सण. सुतकाला सण म्हणणारे आम्हीच असू. पण त्यांना तरी काय ठाऊक, पुढे त्यांचीच पतवंडं नावातला 'सण' तेवढा उचलतील आणि सुतक गेटबाहेर ठेवून आत जातील.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. कर्जतमध्ये अजूनही मला कोणी ना कोणी विचारतं, म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का? मी नर्स होते, मोहोपाड्याच्या एका दवाखान्यात सगळी नोकरी काढली, आणि हा प्रश्न मला सलाईन लावता लावता इतक्यांनी विचारलाय की शेवटी शेवटी मी हो म्हणून मोकळी व्हायची. जुनी माणसं मात्र विचारत नसत. त्यांना आम्ही शनिवार तेली म्हणून माहीत होतो, शनिवारी घाणा बंद ठेवणारे.

जुन्या बाजाराच्या मागच्या बोळात आमचं प्रार्थनालय आहे. गाव त्याला यहुद्यांची मशीद म्हणतं. बाहेरून बघाल तर शाळेची एखादी खोली वाटेल. आत बाक, मधोमध वाचायचा कठडा, आणि समोरच्या भिंतीत कपाट. कपाटावर मखमलीचा पडदा, पडद्यामागे आमचा सेफर, म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेला तोरा, आमचा धर्मग्रंथ, लाकडी पेटीत उभा. माझा थोरला भाऊ, दादा, प्रार्थनालयाची देखभाल करतो. वडिलांनंतर ते काम त्याच्याकडे आलं. दादाने लग्न केलं नाही, माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तिकडे इस्राएलला. म्हणून आम्ही दोघं भावंडं एकाच घरात म्हातारी होतोय. दादा रोज संध्याकाळी जाऊन प्रार्थनालयातला दिवा लावतो. मी म्हणते, अरे पायरीवर शेवाळ आहे, पडशील. तो म्हणतो, पडलो तर तू नर्स आहेसच.

सेफर उघडून वाचायचा तर दहा पुरुष लागतात. नियमच आहे. बायका मोजत नाहीत. मी कितीही वर्षं झाडलोट केली, पडदा धुतला, तेल आणलं, तरी मी त्या दहात नाही, आणि मला वाटत आलंय की हा हिशेब ज्याने लावला त्याने कधी केर काढला नसावा. तर दहा पुरुष. आता इकडे राहिलेत पाच. दादा, एक बँकेतला कारकून, खालापूरचे बापलेक आणि मोहोपाड्याचे एक म्हातारे, ज्यांना ऐकू येत नाही पण सगळी प्रार्थना पाठ आहे. बाकीचे ठाणे, मुंबई आणि इस्राएल. तरी बिरड्याच्या सणाला ठाण्याहून कोणी ना कोणी येत असत. वडिलांच्या वेळेपासूनची रीत होती. उन्हाळ्यातल्या सणांना नाही आले तरी बिरड्याला यायचेच, कारण आईचं बिरडं. म्हणजे वर्षातून निदान एकदा आमचा सेफर उघडला जायचा.

गेल्या वर्षी वल्हांडणाच्या, म्हणजे मार्च-एप्रिलातल्या आमच्या सणाच्या, सुमाराला आमचा मामेभाऊ आला. तो ठाण्याला असतो आणि आमच्या प्रार्थनालयांच्या ट्रस्टवर आहे. माझ्याहून लहान. लहानपणी अख्खी मे महिन्याची सुट्टी आमच्या घरी काढायचा, पाऊस लागला तरी जायचं नाव घ्यायचा नाही, आणि आई त्याच्या डोक्याला तेल लावून द्यायची. त्याने कपाट उघडायला लावलं, पेटी उघडली, कातड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, दादा, ओल आलीय. हा सेफर वापरात नाही. वापरात नसलेला सेफर असा ठेवण्यात अर्थ नाही, दुरुस्तीला नेतो, मग ठाण्यालाच राहू दे, तिकडे एसी आहे.

दादा मुळात कमी बोलणारा. तो म्हणाला, वापरात आहे. बिरड्याला ये आणि बघ.

मामेभाऊ हसला. म्हणाला, ठीक आहे, बिरड्याच्या दिवशी इथे वाचन झालं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झालं तर मी घेऊन जाणार, तेव्हा रागवायचं नाही. दादाने मान डोलावली. मी चहाचे कप उचलत होते. मला तेव्हाच वाटलं की आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? पण बोलले नाही. दादाने शब्द दिला होता आणि दादाचा शब्द म्हणजे खिळा, एकदा ठोकला की लाकूड फाटेल पण खिळा निघायचा नाही.

पुढचे महिने दादाने फोन करण्यात घालवले. ठाण्याचा, कल्याणचा, भायखळ्याचा, ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला. या हं, बिरड्याला या. रविवार आलाय यंदा, सुट्टी आहे. रविवार आलाय हे त्याने इतक्या आनंदाने सांगितलं, की पुढे त्या रविवारानेच आमचा घात केला हे मला अजून पचत नाही. कारण रविवार म्हटल्यावर ठाणेकरांच्या डोक्यात दुसरंच काही शिजलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रंगीत चित्र आलं. पाऊस, छत्री, धबधबा, खाली केळीचं पान आणि त्यावर 'चला कर्जतला, बिरड्याच्या सणाला, कुटुंबासह'. नदीकाठचं एक रिसॉर्ट बुक केलं होतं. पोहण्याचा तलाव, रेनडान्स, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा. देऊळ जळालं त्या दिवशी रेनडान्स. मी दादाला चित्र दाखवलं तर त्याने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, माणसं तर येतायत.

मग मामेभावाच्या बायकोचा मला फोन आला. ताई, रिसॉर्टवाल्यांना बिरडं येत नाही. ते काहीतरी मटकीची उसळ करतील. तुम्ही कराल का सगळ्यांचं? तुमच्या सासूबाईंसारखं, असं ती म्हणाली. सासूबाई नाही, माझी आई, असं मी सांगितलं. मग मी एक अट घातली. बिरडं करते. पण सकाळी पुरुषमाणसं आधी प्रार्थनालयात येतील, वाचन होईल, मग कुठे भिजायचं ते भिजा. आणि बिरडं उपास सुटल्यावर, चांदण्या दिसल्यावर. ती म्हणाली, हो हो, अर्थातच, ताई.

कडावची एक बाई मला दरवर्षी वाल देते. आमचे इकडचे कडवे वाल, भात काढल्यावर त्याच ओलीवर होतात. मी एवढे मागवल्यावर ती स्वतः गोणी घेऊन आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "यवडं बिरडं कुनासाठी गं बाय? घरात लगीन हाय का कोन मेलंय?"

मी म्हटलं, देऊळ मेलंय. तिला काही कळलं नाही. पण वाल मोडावर आल्यावर ती सोलायला आली हे खरं. बिरड्याचं खरं काम सोलण्यात आहे. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून सुटा करायचा. आमच्या लहानपणी या कामाला सगळी आळी बसायची. उपासाच्या आधीचे दिवस, मांस बंद, गाणी बंद, फक्त परातीत पडणाऱ्या डाळिंब्यांचा आवाज आणि बायकांची कुजबुज. मामेभाऊसुद्धा बसायचा. तो सोलता सोलता तोंडात टाकायचा आणि आई त्याच्या हातावर चमचा मारायची. आता परातीशी मी आणि कडावची बाई. तिला आमच्या सणाचं घेणं ना देणं, आणि जिचं घेणं होतं ती ठाण्याला नखांना रंग लावत होती. बोटं पांढरीफटक पडली, पाठ मोडून आली. तरी मी खुश होते, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, दहा माणसं आपण वालावर विकत घेतली.

शनिवारी संध्याकाळी उपास लागला. दादाने त्या रात्री पडदा काढला. या एका दिवशी कपाटावरचा पडदा उतरवतात, उघडंबोडकं ठेवतात, सुतकाच्या घरासारखं. मी पहाटे उठून मोठ्या टोपांत बिरडं शिजवलं. नारळाचं दूध, हिंग, हळद, कोथिंबीर, कोकम, थोडा गूळ. उपास असल्यामुळे चाखायचं नाही. मिठाचा अंदाज नेहमी हातालाच असतो. आमच्या घरच्या पाच-सहा पानांपुरतं एका पातेल्यात वेगळं काढून ठेवलं आणि प्रार्थनालयात गेले.

आमचे पाचही जण आलेले होते. मोहोपाड्याचे म्हातारे रिक्षाने, गुडघ्याला पट्टा बांधून. सगळे जमिनीवर बसले. मी मागे, बायकांच्या बाजूला, लाकडी जाळीआड. नेहमीप्रमाणे एकटी. दादा रबरी चपला दाराशी काढून ठेवून आत-बाहेर करत होता. बाहेर पाऊस. प्रत्येक गाडीच्या आवाजाला तो उठायचा. बँकेतला म्हणाला, येतील, हायवेला गर्दी असते. मी मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, निघालोच ताई. पुन्हा लावला तर म्हणाला, मुलांनी धबधब्याचा हट्ट धरला, पोलिसांनी गाड्या अडवल्यात, इकडून सुटलो की आलोच. मागे पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. पोलिसांनी अडवलेली माणसं मी फार बघितलीयत, ती अशी हसत नाहीत.

सकाळच्या वाचनाची वेळ टळून गेली. दादाने पडदा नसलेल्या कपाटाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाला, दुपारीही वाचन असतं.

तेवढ्यात माझ्या शेजाऱ्याचा फोन आला. तो कोकणी मुसलमान, बाजारात बर्फाचं दुकान, एक टेंपो. रिसॉर्टवाल्यांनी टोप आणायला त्यालाच सांगितलं होतं. तो म्हणाला, बाई, टोप आत्ताच मागतायत. मी मामेभावाला विचारलं, आत्ता कशाला? संध्याकाळी ठरलंय. तो म्हणाला, ताई, आत्ता पोचले म्हणजे संध्याकाळी गरम करायला बरं, त्यांच्या आचाऱ्याची वेळ असते. मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मला भांडायचं नव्हतं, माणसं यायची बाकी होती. मी घरी गेले आणि टोप चढवून दिले. शेजाऱ्याने ताडपत्री टाकून नीट बांधले.

दुपार कलली तरी कोणी नाही. मोहोपाड्याचे म्हातारे भिंतीला टेकून डोळे मिटून पुटपुटत होते. खालापूरच्या मुलाचा चेहरा उपासाने उतरला होता. मी जरा पाय मोकळे करावे म्हणून घरी आले, आणि दारात टेंपो उभा. शेजारी टोप उतरवत होता. एका हाताने, सहज. मी त्याच्या हाताकडे बघूनच समजले. भरलेला टोप एका हाताने उचलत नाहीत.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. टोप ओट्यावर ठेवून म्हणाला, "आज तुमचा रोजा हाय ना बाई? मंग ती मानसं जेवली कशी?"

मी म्हटलं, त्यांनाच विचार. झाकण काढलं. तळाला चाटूनपुसून साफ. कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं. मी ते टोप उचलले आणि मोरीत नेऊन पालथे घातले, वर घमेलं टाकलं. कोणापासून लपवत होते? दादापासून. माझ्या डोक्यात एकच होतं. माणसं येऊ देत, कोणी तोंड उघडू नये, वाचन होऊन जाऊ दे. देवाला ते कळलं असतं तर कळलं असतं. त्याने आमचं काय काय चालवून घेतलंय, हेही घेतलं असतं. पण दादाला कळता कामा नये.

मी परत पोचते तोवर बोळात गाड्या लागल्या होत्या. आले. वरातीमागून घोडं, पण आले. दहाच्याही वर होते. दादा दारात उभा होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी तो पुन्हा कधी बघितला नाही. ओले केस, अर्ध्या चड्ड्या, कोणाच्या खांद्यावर टॉवेल. प्रत्येकाच्या मनगटाला रिसॉर्टची कागदी पट्टी, आम्ही दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या हाताला बांधायचो तशी. हाय दादा, कसा आहेस, काय पाऊस आहे. त्या दिवशी ज्या गोष्टी बोलायच्या नसतात त्या सगळ्या दारातच बोलून झाल्या. दादाने एकालाही अडवलं नाही. डोक्याला टोप्या नव्हत्या तर त्याने खणातून काढून दिल्या. मग तो कठड्याकडे गेला आणि पुस्तक उघडलं. मी जाळीआड बसले. हात घट्ट धरून बसले होते.

आणि मामेभावाची बायको माझ्या शेजारी येऊन बसली आणि, हळू बोलायची सवय नसल्यामुळे, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, बिरडं काय झालं होतं! मीठ किती बरोबर. सगळ्यांनी दोनदा घेतलं."

दादाचं पान उलटणारं बोट थांबलं. त्याने पुस्तक मिटलं नाही. नुसती मान वर केली आणि विचारलं, "उपास कोणाकोणाचा आहे?"

बँकेतल्याने हात वर केला. खालापूरच्या बापलेकांनी केला. मोहोपाड्याच्या म्हाताऱ्यांना ऐकू गेलं नव्हतं, खालापूरच्या मुलाने त्यांचा हात धरून वर केला. बस. मग मी जाळीआडून म्हटलं, "माझा आहे." दादाने तिकडे बघितलं नाही. मला तरी कोण मोजणार होतं? पण कोणीतरी बोलायला हवं होतं.

मामेभाऊ म्हणाला, दादा, आता उपासाचं काय घेऊन बसलास, माणसं मोज, दहाच्या वर आहेत.

दादाने त्याला शांतपणे सांगितलं. आवाज एकदम वडिलांचा. म्हणाला, सकाळचं वाचन त्या दिवसाचं असतं, ते जेवलेल्यालाही चालतं आणि न जेवलेल्यालाही. दुपारचं वाचन उपासाचं. उपासकरी दहा नसतील तर आपल्याकडे दुपारी सेफर काढत नाहीत. वडिलांनी मला असंच शिकवलंय. तुला आठवत असेल, तू होतास तेव्हा.

"अरे वाच ना," मामेभाऊ म्हणाला. "कोण येतंय बघायला?"

"तू आलायस ना बघायला," दादा म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी बाहेर आले आणि मामेभावाच्या समोर उभी राहिले. म्हटलं, तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तू आमच्या परातीशी बसून वाल सोललेयस. चांदण्या दिसायच्या आधी पातेल्याला हात लावला म्हणून माझ्या आईच्या हातचा चमचा खाल्लायस. तो खाली बघायला लागला. त्याच्या नखांत हळद होती. म्हणाला, ताई, पोरांना भूक लागली होती, समोर गरम गरम आलं, कोण थांबतंय? आणि खरं सांगते, मला त्याचा राग आला त्याहून जास्त दादाचा आला. वाच म्हटलं होतं मामेभावाने. सगळे तयार होते. एक पान वाचलं असतं तर सेफर आमचा राहिला असता. ज्यांनी कायदा पाळला नाही ते जिंकले, आणि ज्याने पाळला तो त्याच कायद्याने हरला. मी दादाला म्हटलंसुद्धा, तिथेच, सगळ्यांदेखत: वाच ना रे, माझ्यासाठी वाच. त्याने नुसतं मान हलवून नाही म्हटलं.

मग त्याने स्वतःच कपाट उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं. पेटी दोन्ही हातांनी उचलली, ओठ टेकवले आणि मामेभावाच्या हातात दिली. "ठरलं होतं," एवढंच म्हणाला. मामेभाऊ क्षणभर गांगरला. मला वाटतं त्यालाही सेफर इतक्या सहज नको होता. पण त्याने घेतला. पावसातून टॉवेल धरून गाडीपर्यंत नेला, मागच्या सीटवर उभा ठेवला आणि पडू नये म्हणून सीटबेल्ट लावला. मुलांना पुढे दाटीवाटीने बसवलं. जाता जाता एकाने दारासमोर सगळ्यांचा फोटो काढला. रात्री तो ग्रुपवर आला, 'आपली परंपरा' असं लिहून. त्याच्याच वर केळीच्या पानांवरच्या माझ्या बिरड्याचा फोटो होता. खूप जणांनी अंगठे पाठवले.

चांदण्या काही दिसल्या नाहीत, ढग होते. अंदाजाने उपास सोडला. बाकीचे चौघेही आपापल्या गाडीला निघून गेले होते, त्यामुळे पानं दोनच मांडली, जमिनीवर. मी वेगळं काढलेलं पातेलं गरम केलं आणि वाढलं. पहिला घास घेतला तेव्हा कळलं, मीठच नव्हतं. पहाटेच्या झोपेत घालायचं राहिलंच होतं. मीठ किती बरोबर, म्हणे. दोनदा घेतलं, म्हणे. मी मीठ आणायला उठले तर दादा म्हणाला, असू दे, आणि तसंच जेवला. पान पुसून जेवला.

ठाण्याच्या प्रार्थनालयात माझी एक मैत्रीण जाते. तिने सांगितलं, तुमचा सेफर आलाय, काचेच्या कपाटात आहे, लाईट लावलाय. मी विचारलं, दुरुस्ती झाली? ती म्हणाली, कसली दुरुस्ती, काही झालेलं ऐकलं नाही. मी विचारलं, वाचतात? म्हणाली, अगं, इथे आधीचेच चार-पाच सेफर आहेत, हा कशाला काढतील?

मागच्या आठवड्यात मामेभावाच्या बायकोचा फोन आला. यंदा कुटुंबं जास्त आहेत, ताई, बिरडं कराल ना? मी म्हटलं, करेन. पण रिसॉर्टला पाठवणार नाही. दिवसभर उपास करा, संध्याकाळी आमच्या मशिदीत या, जमिनीवर बसा, मी वाढते. ती म्हणाली, ग्रुपवर विचारून सांगते. अजून कोणी काही सांगितलेलं नाही. कडावच्या बाईला मी दोन माणसांपुरतेच वाल सांगितलेत.

दादा अजूनही रोज दिवा लावायला जातो. समोर रिकामं कपाट आणि हा दिव्याला तेल घालतोय, हे बघायला नको म्हणून मी त्याच्याबरोबर जायचंच सोडलं होतं. परवा पाऊस फार होता, म्हणून छत्री घेऊन मागोमाग गेले. कपाट उघडंबोडकं होतं. पडदा मी गेल्या वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून त्याच्या हातात दिला होता, लाव म्हणून. तो बाकावर तसाच घडी केलेला पडला होता. मी उचलायला गेले तर दादा म्हणाला, "राहू दे गं. अजून सुतक आहे."